पोटाची रेषा पायात का उतरते?

अॅक्युपंक्चरच्या तक्त्यावर ‘जठराचा मार्ग’ असं वाचलं की हात आपसूक पोटाकडे जातो. ही रेषा मात्र डोळ्यातल्या बाहुलीच्या खाली सुरू होते, जबड्यावरून छाती-पोटावर उतरते आणि पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखाशी थांबते. तिच्यावर ४५ बिंदू, उजवीकडे तसेच डावीकडे. त्यांतले पोटावर साधारण पाव हिस्साच. जबड्यावरचा बिंदू दातदुखीसाठी वापरतात. आणि मळमळीसाठी सर्वाधिक अभ्यासलेला बिंदू या रेषेवर नाहीच, तो मनगटाच्या आतल्या बाजूला, हृदयावरणाच्या मार्गावर आहे.

या ४५ जणांत मान मोठा तो ३६व्या बिंदूचा, ‘त्झू-सान-ली’चा. ‘ली’ हे अंतराचं जुनं चिनी माप. हा बिंदू चेतवला की दमलेला माणूस आणखी तीन ली चालतो, अशी आख्यायिका. जपानी कवी बाशो १६८९मध्ये उत्तरेच्या लांब वाटेला लागला, त्या प्रवासवर्णनाच्या सुरुवातीलाच या बिंदूवर मोक्साचा शेक घेतल्याचा उल्लेख आहे. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या भावकीतली वाळवलेली वनस्पती.

‘गुडघ्याखाली कुठेही दाबा’ हा सल्ला मात्र चुकीचा. वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर, अशी ती जागा. बोटं रुग्णाची मोजायची, उपचारकाची नाहीत. आयुर्वेदातलं स्वांगुल मापही याच समजुतीवर उभं आहे.

मग ही रेषा म्हणजे शीर की नस? दोन्ही नाही. शवविच्छेदनात अशी वाहिनी सापडत नाही. रेषा हा निरीक्षणं बांधून ठेवणारा जुना नकाशा आहे. पण ‘म्हणजे सगळं थोतांड’ असंही म्हणता येत नाही. २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला उंदरांवरचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मागच्या पायातल्या ३६व्या बिंदूवर सौम्य वीजप्रवाह दिल्यावर संदेश व्हेगस नसेमार्फत अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचला आणि दाह कमी झाला. तोच प्रवाह पोटावरच्या २५व्या बिंदूवर दिला तेव्हा हे घडलं नाही. दोन्ही बिंदू एकाच रेषेवरचे! फरक पडला तो पायाच्या खोल ऊतींत पोचणाऱ्या विशिष्ट चेतातंतूंमुळे. ते नष्ट केलेल्या उंदरांत परिणामही गेला.

उंदरांवरून माणसाचं अपचन बरं होतं, असं मात्र सिद्ध होत नाही. २००७च्या एका मोठ्या जर्मन चाचणीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांपैकी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्या ४७.६ टक्क्यांना आराम पडला, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांवरच्या २७.४ टक्क्यांना. सुयांनी आराम वाटतो, पण नेमक्या बिंदूचा वाटा त्यात थोडाच दिसतो.

‘सुई बारीक, त्यामुळे धोका नाही’ हा समज सर्वांत घातक. १७वा बिंदू स्तनाग्रावर आहे. तिथे सुई टोचायचीच नाही, तो फक्त मापासाठी. नववा मानेतल्या धमनीलगत, बारावा गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत, खाली फुप्फुसाचं टोक. तिथे सुई खोल गेल्यानंतर छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठायचं.