एका ओळीचा अर्थ काय?

वर्षानुवर्षांची माहिती कोठारात भरण्याआधी एक चित्र काढावं लागतं. त्यातली प्रत्येक रेघ एका प्रश्नाचं उत्तर असते.

२०१३ साली पालघर जिल्ह्यात किती दूध गोळा झालं? प्रश्न साधा आहे, पण त्याची दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०१३ मध्ये तो नव्हताच, म्हणून उत्तर शून्य. पण जव्हार, वाडा, डहाणू हे तालुके तेव्हाही होते आणि तिथल्या गाईम्हशी दूधही देत होत्या. आजच्या हद्दीप्रमाणे त्यांची बेरीज केली की उत्तर बदलतं.

विचारणारा घाईत असतो आणि संगणक यातलं कुठलं तरी एक उत्तर देऊन मोकळा होतो. कुठलं, ते माहितीची रचना करणाऱ्याने कळत-नकळत आधीच ठरवलेलं असतं. ते नकळत ठरू नये, सगळ्यांसमोर कागदावर ठरावं, यासाठी ते चित्र, म्हणजे क्लास डायग्राम, काढायचं.

रोजची वही आणि कोठार

दूध संस्थेचंच उदाहरण घेऊ. सकाळी काट्यावर कॅन चढतो, नमुना मशीनमध्ये जातो, ‘आज फॅट किती लागली?’ असं विचारत उत्पादक पावती हातात घेतो. पावतीवर सभासद क्रमांक, तारीख, पाळी, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर आणि रक्कम. संकलनाच्या सॉफ्टवेअरला एवढं पुरतं. दर दहा दिवसांचं बिल बरोबर निघालं की त्याचं काम झालं.

पण दहा वर्षांत कुठल्या तालुक्यातलं म्हशीचं दूध घटलं, पावसाळ्यात फॅट कुठे उतरते, असे प्रश्न आले की लाखो पावत्या शेजारी शेजारी लावाव्या लागतात. त्यासाठी बांधलेलं वेगळं कोठार म्हणजे डेटा वेअरहाउस. बिल इन्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात त्याची चार लक्षणं रूढ केली: माहिती विषयवार लावलेली, ठिकठिकाणची एकत्र आणलेली, काळाचं भान ठेवणारी आणि एकदा आत आली की न पुसली जाणारी. राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये मांडणीची रीत सांगितली. मधे फॅक्ट, म्हणजे घडलेली आणि मोजलेली गोष्ट. भोवती डायमेन्शन, म्हणजे ती कुणाची, कुठली, केव्हाची.

चौकट, रेघ आणि शिक्का

क्लास डायग्राम आली प्रोग्रॅमरच्या जगातून. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन हे तिघं सॉफ्टवेअरच्या आकृत्या आपापल्या पद्धतीने काढत. बूच तर क्लास ढगाच्या आकारात दाखवत. तिघांच्या पद्धती एकत्र येऊन यूएमएल तयार झालं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं.

यात क्लास म्हणजे तीन कप्प्यांची चौकट: वर नाव, मधे गुणधर्म, खाली कृती. वेअरहाउसच्या चित्रात खालचा कप्पा बहुधा रिकामाच राहतो. सगळं लक्ष गुणधर्मांवर आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघांवर असतं. रेघेच्या टोकाशी १, ०..१ किंवा * (कितीही) लिहितात. इकडच्या एकाला तिकडचे किती, हे त्यावरून कळतं.

चौकटीवर आपला शिक्का मारायचीही सोय यूएमएलमध्ये आहे, तिला स्टिरिओटाइप म्हणतात. स्पेनमधल्या आलिकांते विद्यापीठाचे सेर्खिओ लुहान-मोरा आणि हुआन त्रुहियो यांनी इल-योल साँग यांच्यासह २००६ साली हीच सोय वापरून वेअरहाउससाठी संकेतांचा एक संच मांडला. त्यात फॅक्ट आणि डायमेन्शन यांच्यावर वेगवेगळे शिक्के असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघेच्या फॅक्टकडच्या टोकाला शंकरपाळ्यासारखं पोकळ चिन्ह असतं.

आधी एक वाक्य

पहिली चौकट काढण्याआधी एक वाक्य लिहायचं: या कोठारातली एक ओळ म्हणजे काय? किंबॉल याला ग्रेन म्हणतात. दुधासाठी मी लिहिलं होतं, ‘एका सभासदाने एका केंद्रावर एका पाळीत घातलेलं एका प्रकारचं दूध.’ वाक्यातल्या प्रत्येक ‘एका’ची एक डायमेन्शन झाली: सभासद, केंद्र, वेळ, दुधाचा प्रकार. प्रत्येक रेघेला त्यांच्या बाजूला १, फॅक्टच्या बाजूला *.

हा १ लिहिताना हात अडखळतो. सभासद नसलेला कुणी एखाद्या दिवशी दूध घालून गेला, तर ती ओळ कुणाला जोडायची? ०..१ लिहून टोक मोकळं सोडलं, तर सभासदवार बेरजेतून ते दूध गळतं आणि एकूण आकडा जुळत नाही. म्हणून सभासदांच्या यादीतच ‘बिगर-सभासद’ अशी एक नोंद करायची आणि १ तसाच ठेवायचा.

फॅटची बेरीज होत नाही

मधल्या चौकटीतले लिटर आणि रुपये बिनधास्त बेरजेला घ्यावेत. फॅटचं तसं नाही. समजा, गाईचं १० लिटर दूध ४.० फॅटचं आलं आणि म्हशीचं २ लिटर ७.० चं. दोन्ही फॅट मिळवून येणाऱ्या ११ ला काही अर्थ नाही, हे कुणीही सांगेल. सरासरी काढून येणारे ५.५ मात्र खरे वाटतात, आणि तेच चूक असतात. लिटरच्या प्रमाणात हिशोब केला तर ४० आणि १४ मिळून ५४, त्याला १२ ने भागून ४.५. असा ५.५ चा अहवाल बैठकीत फिरताना मी पाहिलेला आहे. अहवाल काढणाऱ्याला दोष देता येईना, कारण फॅट एकत्र कशी करायची हे त्याच्या हातातल्या चित्राने सांगितलंच नव्हतं.

यूएमएलमध्ये ते सांगायची सोय आहे. जो गुणधर्म दुसऱ्यांवरून काढायचा, त्याच्या नावाआधी तिरकी रेघ मारतात. चौकटीत बेरीज होणारं ‘फॅट-किलो’ साठवायचं आणि ‘/फॅट टक्के’ दर वेळी त्यावरून आणि एकूण दुधावरून काढायचं. शीतकरण टाकीतली शिल्लक आणखी वेगळी. सगळ्या केंद्रांची आजची शिल्लक मिळवता येते, पण सोमवारची आणि मंगळवारची मिळवली तर तेच दूध दोनदा मोजलं जातं. तिच्याजवळ महिरपी कंसात ‘दिवसांवर बेरीज नाही’ अशी अट लिहायची.

आठवडा महिन्यात मावत नाही

डायमेन्शनच्या आतही पायऱ्या असतात. दिवसावरून बिलाच्या मुदतीवर, तिथून महिन्यावर, महिन्यावरून वर्षावर. १ ते १०, ११ ते २०, २१ ते अखेर ही बिलाची मुदत महिन्यात नेमकी बसते. आठवडा बसत नाही. २९ सप्टेंबर २०२५ ला सोमवारी सुरू झालेला आठवडा ५ ऑक्टोबरला संपला. तो कुठल्या महिन्याचा? म्हणून दिवसापासून आठवड्याची फांदी वेगळी काढायची आणि ती महिन्याला जोडायची नाही.

जागेच्या पायऱ्या अशा: केंद्र, गाव, तालुका, जिल्हा, विभाग. इथेच पालघरचा प्रश्न सुटतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जिल्हा तोच राहिला. नाव हा चौकटीतला गुणधर्म असल्याने जुनं खोडून नवं लिहिलं तरी एकही पावती जागची हलत नाही. पालघरच्या वेळी मात्र रेघच हलली. आठ तालुके एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेले. इतिहासासकट पाहिलं तर जव्हारला दोन जिल्हे आहेत, म्हणून त्या टोकाला १ ऐवजी १..* येतं आणि रेघेला तुटक रेषेने एक छोटी चौकट जोडली जाते. तिच्यात दोनच गुणधर्म: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. हा असोसिएशन क्लास. आता ‘तेव्हाच्या हद्दीप्रमाणे’ आणि ‘आजच्या हद्दीप्रमाणे’ असे दोन्ही प्रश्न विचारता येतात, आणि कुठला विचारला तेही उत्तरासोबत लिहिता येतं.

वाचून दाखवा

चित्र झालं की ते मोठ्याने वाचून दाखवावं, आणि तेही काट्याजवळ बसणाऱ्या माणसाला. एका संस्थेच्या सचिवांना मी माझं पहिलं वाक्य वाचून दाखवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, आमच्याकडे एकच माणूस एकाच पाळीला दोनदा येतो की. आधी घरच्या म्हशीचं घालतो, मग शेतावरच्या गोठ्यातल्या म्हशीचं.”

माझ्या वाक्याप्रमाणे त्या माणसाची दोन दुधं एकाच ओळीत कोंबली गेली असती, किंवा दुसरी ओळ चूक समजून टाकून दिली गेली असती. मी वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: ‘एका पावतीवरचं दूध.’ मधल्या चौकटीत ‘पावती क्रमांक’ हा एक गुणधर्म वाढला. कोठारात तोवर एकही पावती गेली नव्हती, म्हणून या दुरुस्तीला एक खोडरबर पुरलं.