किलोमीटरला किती युनिट?

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ९ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा मोकळी होते. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिट मावतात. म्हणजे ही दीड टनाची एसयूव्ही जेमतेम ५ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेऊन निघते आणि बेताच्या वेगाने तीनशेच्या आसपास किलोमीटर जाते. त्याच बांध्याची पेट्रोल गाडी ५ लिटरांत सत्तर किलोमीटरवर अडेल.

पेट्रोलच्या उष्णतेतला पाऊण हिस्सा सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे हवेत जातो, चाकापर्यंत पोचतो तो पाव. विजेची मोटर मात्र बॅटरीतली ८५ ते ९० टक्के ऊर्जा चाकाला देते. शिवाय ब्रेकच्या वेळी तीच मोटर जनित्र होऊन थोडी वीज परत भरते. तरीही शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ उत्तरात मिळणारा ४८९ किलोमीटरचा आकडा प्रमाणित चाचणीतला आहे. त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. वर्धेकराने त्याऐवजी विचारावं, ‘किलोमीटरला किती युनिट लागतात?’

समृद्धीवरचा वेग

वर्धा-नागपूर अप-डाऊन करणारे पुष्कळ आहेत. एका बाजूचं अंतर सुमारे ७५ किलोमीटर. येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढलं की ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८०चा १२० केला, तर दीडपट वेगाला सव्वादोनपट अडथळा. चाकांचं घर्षण धरून ढोबळ गणित मांडलं, तर ८०च्या वेगाला शंभर किलोमीटरला १३ युनिट लागतात आणि १२०च्या वेगाला २२. सगळं अंतर त्याच वेगाने कापलं असं धरलं, तर नागपूर गाठायला एकोणीस मिनिटं कमी लागतात, त्यासाठी सात युनिट जास्त मोजावे लागतात. एसयूव्हीचा उंच, रुंद दर्शनी भाग या हिशेबात आणखी भर घालतो. महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे परत मिळणारी वीजही नगण्य.

मे महिन्याचा हिशेब

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेली गाडी थंड करताना एसी दीड-दोन किलोवॉट खेचतो. गंमत म्हणजे त्याचा भार महामार्गापेक्षा गावातच जास्त जाणवतो. ताशी ८० किलोमीटरने दहा किलोमीटर जायला साडेसात मिनिटं लागतात, तेवढ्यात एसी पाव युनिट खातो. गावातल्या गर्दीत तेच दहा किलोमीटर अर्ध्या तासाचे होतात आणि एसीच जवळपास एक युनिट घेतो, म्हणजे गाडी चालवायला लागतं जवळजवळ तेवढंच.

उन्हाची दुसरी वसुली बॅटरीच्या आयुष्यातून होते. तापमान वाढलं की पेशींमधल्या नको त्या रासायनिक क्रियांना वेग येतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर त्या आणखी वेगाने होतात. म्हणून पूर्ण चार्ज केलेली गाडी दिवसच्या दिवस उन्हात उभी ठेवू नये. भर दुपारी महामार्गावरून उतरल्या उतरल्या फास्ट चार्जरला लावलेली गाडी कधी कधी स्वतःच चार्जिंग मंद करते. तो बिघाड नसतो, बॅटरी स्वतःला जपत असते. लिथियम-लोह-फॉस्फेट (एलएफपी) प्रकारच्या बॅटऱ्या उष्णता बऱ्यापैकी सोसतात. गाडी घेताना बॅटरी कोणत्या प्रकारची आणि तिची वॉरंटी किती वर्षांची, हे दोन्ही विचारावं. गाडीतला सगळ्यांत महाग भाग तोच आहे.

खर्च कधी वसूल होतो?

समजा, ईव्ही पेट्रोल गाडीपेक्षा साडेतीन लाखांनी महाग पडली. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि मायलेज १४ धरलं, तर किलोमीटरला साडेसात रुपये. ईव्हीला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला १७ युनिट. घरगुती बिलाच्या वरच्या टप्प्यातला युनिटचा दर १५ रुपये धरला, तर किलोमीटरला अडीच रुपये. वाचले पाच रुपये. साडेतीन लाख वसूल व्हायला ७० हजार किलोमीटर. आठवड्यातून पाच दिवस नागपूर अप-डाऊन करणारा हा टप्पा दोन वर्षांत गाठतो. गावातल्या गावात रोज पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्याला सात-आठ वर्षं लागतात. इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग यांचा खर्च वाचतो. उलट वजनामुळे टायर लवकर झिजतात. राज्याच्या २०२५च्या धोरणाने समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली आहे. मात्र रोजच्या चार्जिंगसाठी महागड्या फास्ट चार्जरवरच अवलंबून राहायचं, तर बचतीचा मोठा वाटा तिथेच जातो.

वीज कुठली?

विदर्भातली बरीच वीज चंद्रपूर, कोराडीच्या कोळशातून येते. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण ३५ टक्क्यांचीच वीज होते, त्यातून तारांमधली गळती वजा. सगळी वीज कोळशाची मानली, तर ईव्हीची चौपट कार्यक्षमता जेमतेम सव्वापटीवर येते. गाडीतून न गेलेली उष्णता चंद्रपूरच्या धुरांड्यातून जाते, एवढंच.

छपरावरचे ३ किलोवॉटचे सौर पॅनल हे चित्र पालटतात. ते सरासरी १२ युनिट देतात, म्हणजे रोज सत्तर किलोमीटरची सोय. केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्यांना ७८ हजारांचं अनुदान आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेले गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये कोळसा-पेट्रोलसारखे संपणारे साठे आणि सतत वाहणारे स्रोत यांत भेद केला होता. ईव्ही कोणत्या बाजूला उभी राहणार, हे तिच्या चार्जिंगची तार कुठे जोडली आहे यावर ठरतं.

आता हिशेबातला शेवटचा भागाकार. नागपूरला रोज जाणाऱ्या अनेक गाड्यांत एकटा माणूस असतो. तिघं सहकारी सोबत घेतले, तर माणशी ऊर्जा पावपट होते, खर्चही पावपट. पेट्रोल सोडून ईव्ही घेतल्याने खर्च एक तृतीयांशावर येतो. चौघं मिळून गेलं, तर जुनी पेट्रोल गाडीही एकट्याच्या ईव्हीपेक्षा माणशी स्वस्त पडते.