आभाळातली पाभर आणि आपला गुंठा



ऊसनोंदीच्या दिवसांत गट ऑफिसात एक प्रश्न हमखास निघतो, "साहेब, आभाळातनं आमचा गुंठा मोजत्यात म्हणं, खरं का?" खरे आहे; पण किती खरे, हे समजून घेतले पाहिजे. नोंदीतले क्षेत्र चुकले की तोडणीचा अंदाज चुकतो, आणि नुकसान शेवटी आपलेच.

दि. १७ मार्च १९८८ रोजी आपल्या देशाचा 'आयआरएस-१ए' हा उपग्रह सोव्हिएत संघातील बैकोनूरहून सोडण्यात आला. त्याचे कॅमेरे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झाले. पुण्यात जन्मलेले व फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले श्री. प्रमोद काळे त्या वेळी या केंद्राचे संचालक होते.

हा कॅमेरा फोटोग्राफरसारखा एका दमात सगळा फोटो काढत नसे. त्यात २०४८ बारीक डोळे एका ओळीत बसवलेले. एका वेळी जमिनीची एकच आडवी रेघ टिपायची. आपल्या पाभरीचेच बघा ना! फण एका ओळीत, बैल पुढे चालतात आणि रान पेरून होते. इथे बैलाचे काम उपग्रहाचे, चाल सेकंदाला सुमारे साडेसहा किलोमीटर. रुंदी डोळ्यांवरून कळते, लांबी चालीवरून. म्हणून असा कॅमेरा घडवताना खरी मेख असते ती रेघ टिपण्याच्या वेळेत. वेळ आणि चाल जुळली नाही, तर चौरस रान चित्रात लांबट दिसते आणि क्षेत्र चुकते.

आता गुंठ्याचा हिशेब. त्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठे. दुसऱ्याचा ३६.२५ मीटरचा, म्हणजे १३ गुंठे. वीस गुंठ्यांच्या फडात असा एक ठिपकाही धड बसणे कठीण; बांधावर ऊस आणि शेजारची ज्वारी एकाच ठिपक्यात मिसळे. पुढे २००३ साली 'रिसोर्ससॅट-१' गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. तोच फड आता साठ ठिपक्यांत दिसू लागला. शिवाय जमिनीवरून हुकूम दिला की हा कॅमेरा बाजूला २६ अंशांपर्यंत कलता येई, त्यामुळे हवा तो पट्टा लवकर पुन्हा टिपता येई.

हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते. त्यावरून पीक जोमात आहे की पाण्याला आले, हे ओळखता येते. मात्र पावसाळ्यात ढग आडवे आले की हा कॅमेरा आंधळा.

आणि एक गोष्ट त्याला कधीच दिसत नाही : गट नंबर आणि मालकाचे नाव. तेव्हा शेतकी खात्याचा माणूस बांधावर आला की स्वतः हजर राहा, टेपचे दुसरे टोक आपल्या हाती धरा, लागणीची तारीख खरी सांगा. आभाळातली रेघ आणि बांधावरची टेप जुळली, तरच तोडणी वेळेवर येईल.