पेशीच्या दारावरची घंटा

मागच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता, घृष्णेश्वराला दर्शनाची मोठी रांग. त्या गर्दीतून वाट काढत एक शेतकरी आपल्या पत्नीला रिक्षातून माझ्या वेरूळच्या दवाखान्यात घेऊन आला. बाईंना हुडहुडी भरून ताप, कमरेत ठणका, लघवीला जळजळ. त्याने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, हे प्रतिकारशक्ती वाढवायचं औषध हाय. तीन दिवस पाजलं, पण ताप काही हटंना. डोस वाढवू का?"

मी बाईंचा रक्तदाब पाहिला. तो इतका उतरला होता की बाटलीवर बोलायला वेळच नव्हता. सलाइन लावले, अँटिबायोटिकचे पहिले इंजेक्शन दिले आणि त्यांना घाटीत पाठवले. सुदैवाने दहा-बारा दिवसांनी त्या स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आल्या. "डोस वाढवू का?" या प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले होते. ते आज देतो.

वाचकहो, त्या बाईंची प्रतिकारशक्ती झोपलेली नव्हती. ती फार जोरात जागी झाली होती. मूत्रमार्गात बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचे जंतू शिरतात. त्यांच्या बाहेरच्या आवरणात एक स्निग्ध पदार्थ असतो. आपल्या संरक्षक पेशींच्या दारावर जणू घंटा बसवलेल्या असतात, त्यांना शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात. या घंटांच्या एका घराण्याचे नाव 'टोल'. माणसात त्या दहा प्रकारच्या आहेत. काही पेशीच्या दारावर असतात, काही आतल्या खोलीत. ई. कोलायच्या त्या पदार्थाने चौथी घंटा वाजते. विषमज्वराच्या जंतूला शेपट्या असतात, त्यांनी पाचवी. विषाणूंच्या आरएनएने सातवी आणि आठवी. घंटा वाजली की ताप येतो, पांढऱ्या पेशी धावतात. पण ती थांबेनाच, तर रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो. याला सेप्सिस म्हणतात. माशी आणि उंदीर यांच्यावरील ज्या कामातून हे कोडे उलगडले, त्याबद्दल हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले.

आता कोणी विचारील, कोणत्या वस्तूने कोणती घंटा वाजते हे कळते कसे? रक्तातल्या पेशीवर एकाच वेळी अनेक घंटा असतात, गोंगाटात एकीचा आवाज ओळखायचा कसा? इथे शास्त्रज्ञांनी जे केले, ते आपल्या शेतकऱ्याला चटकन समजेल.

१९७३ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून काचेच्या बशीत अखंड वाढणारा एक वाण तयार केला. तो त्यांचा २९३ वा प्रयोग, म्हणून या पेशींना आजही २९३ म्हणतात. यांच्यात ती चौथी घंटा मुळातच नसते, म्हणजे घर शांत. अशा शांत घरात चौथ्या घंटेचे जनुक आणि तिला लागणारी साथीदार प्रथिने यांची जनुके घालायची. शिवाय एक खूण जोडायची, म्हणजे घंटा वाजली की पेशीभोवतीचा द्रव निळा व्हावा, किंवा भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर दिसणाऱ्या काजव्यांसारखी पेशी चमकावी. काजव्याचेच जनुक यासाठी वापरतात!

पण घातलेले जनुक बहुतेक पेशींत टिकत नाही. संकरित मक्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, हे आपण जाणतोच. इथे सरळ वाण हवा, पिढ्यान्‌पिढ्या तोच गुण देणारा. म्हणून जनुकाबरोबर पेशींना मारणाऱ्या एका औषधाला पुरून उरणारे जनुकही देतात आणि ते औषध बशीत टाकतात. जनुक नसलेल्या पेशी तणासारख्या मरतात. उरलेल्यांतून एकेक पेशी वेगळी काढून तिचा वंश वाढवतात, तपासतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर बियाण्यासारखा साठवतात. बरेच दिवस वाढवल्यावर वाणाचा गुण उतरला, तर पुन्हा साठ्यातले बी काढायचे. पेशींचे वाण सांभाळून प्रयोगशाळांना पुरवणारे राष्ट्रीय भांडार आपल्या पुण्यातच आहे, नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये.

याचा आपल्याशी काय संबंध? आपल्यापैकी अनेकांनी कोव्हॅक्सिन घेतली आहे. तिच्यासाठीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केला गेला, लस हैदराबादेत बनली. मेलेला विषाणू एकटा फारशी जाग आणत नाही, म्हणून लशीत सातवी-आठवी घंटा वाजवणारा एक साहाय्यक पदार्थ तुरटीच्या जातीच्या क्षारावर बसवून घातला आहे. तो अमेरिकेत कॅन्सासमध्ये डॉ. सुनील डेव्हिड यांच्या कंपनीने शोधला. त्यांच्या चमूने असे शेकडो रेणू मानवी घंटा बसवलेल्या २९३ पेशींवरच पारखले. उंदरावर भागले नसते, कारण माणसाची आठवी घंटा ज्यांनी वाजते त्यांतल्या अनेक पदार्थांना उंदराची आठवी दाद देत नाही. (लशीत या मूत्रपिंडाच्या पेशी नसतात, त्या फक्त पारखण्यापुरत्या.)

बशीतले यश म्हणजे रोग्याचे यश नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चौथी घंटा बंद करणारे एरिटोरान नावाचे औषध प्रयोगशाळेत उत्तम ठरले होते. सेप्सिसच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर ते वापरून पाहिले, २०१३ मध्ये निकाल छापून आला आणि मृत्यू काही कमी झाले नव्हते. रोगी आपल्यापर्यंत येतो तेव्हा घंटा बराच वेळ वाजून गेलेली असते, असे त्यावर अनेकांचे म्हणणे. मला ते पटते.

एवढ्या पारखणीनंतरही औषध फसते. त्या शेतकऱ्याच्या बाटलीवर वनस्पतींची लांबलचक यादी होती. त्यातली एक तरी कोणती घंटा वाजवते, किती वाजवते, थांबवते की कसे, याबद्दल अक्षर नव्हते. आणि बाईंची घंटा आधीच घणघणत होती. तेव्हा डोस वाढवायचा नव्हता, बाटलीच बंद करायची होती. त्या तीन दिवसांत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे होते.

तापाबरोबर थंडी वाजून हुडहुडी, धाप, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे, हातपाय गार पडणे किंवा उभे राहिल्यावर अंधारी, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी गाडी काढा, लहान गावात सोय नसेल तर १०८ ला फोन करा. सोबत आधी दिलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि बाटल्या आणा, म्हणजे काय पोटात गेले आहे ते डॉक्टरांना कळेल.