अंतर्वस्त्र : स्वस्थवृत्तातील एक उपेक्षित विषय

रुग्णपत्रिका लिहिताना आहार, निद्रा, मलप्रवृत्ती, व्यसन यांची नोंद आपण सर्वजण काटेकोरपणे करतो. विहाराच्या रकान्यात व्यायाम, प्रवास, रात्रपाळी येते. परंतु दिवसाचे चौदा-सोळा तास त्वचेला चिकटून असणाऱ्या वस्त्राविषयी एकही प्रश्न बहुधा विचारला जात नाही. वैद्याला संकोच वाटतो आणि रुग्णेला त्याहून अधिक वाटतो. परिणामी स्तनाधोभागी वा कटिप्रदेशी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या व्याधीला आपण लेप, तैल आणि रक्तशोधक योग देत राहतो. हेतू मात्र रोज सकाळी नव्याने बांधला जातो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना हे शोभणारे नाही.

हडपसर परिसरात आमच्याकडे येणारा स्त्रीवर्ग फार संमिश्र आहे. मांजरी-फुरसुंगीकडील शेतांत खुरपणीला जाणाऱ्या स्त्रिया, औद्योगिक वसाहतीत पाळीने उभे राहून काम करणाऱ्या कामगार भगिनी, मगरपट्ट्यातील संगणक कंपन्यांत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या तरुणी, आणि नऊवारी नेसणाऱ्या त्यांच्या आज्या. आर्थिक स्थिती भिन्न, शिक्षण भिन्न; पण या विषयावर सर्वांचे उत्तर आश्चर्यकारकरीत्या सारखे असते. ‘आतलंच तर आहे, कोण बघतंय?’ मुलांचा गणवेश दरवर्षी नवा येतो, पतीचे सदरे इस्त्रीला जातात, आणि घरातील गृहिणी लवचीकपणा गेलेली, शिवण उसवलेली काचोळी आणखी एक वर्ष चालवते. स्वतःसाठी तीनशे रुपये खर्च करताना तिला अपराध केल्यासारखे वाटते. हा अपराधभाव हाच या विषयातील खरा हेतू आहे, असे आमचे मत झाले आहे.

येथे चरकाचार्यांचे स्मरण उपयुक्त ठरते. सूत्रस्थानाच्या पाचव्या, मात्राशितीय अध्यायात निर्मल वस्त्र धारण करण्याचे गुण सांगितले आहेत. त्यात आयुष्य आहे, यश आहे, सभेत शोभणे आहे, आणि त्याच मालिकेत ‘प्रहर्षण’ही आहे. सभेत शोभणे हे इतरांच्या डोळ्यांसाठी. प्रहर्षण मात्र धारण करणाऱ्याचे स्वतःचे. आचार्यांनी मनाच्या प्रसन्नतेला स्वस्थवृत्तात स्थान दिले, ती चैन मानली नाही. रुग्णेला हे सांगितले की तिचा चेहरा खुलतो, असा आमचा अनुभव आहे. शास्त्राची अनुज्ञा मिळाली की संकोच निम्मा होतो.

आता थोडे इतिहासाकडे वळू. काचोळी ही पाश्चात्त्यांची देणगी, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अमरकोशात ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे शब्द पर्याय म्हणून आले आहेत; उरोभागावरील शिवलेले वस्त्र आपल्याकडे जुनेच आहे. (‘कंचुकी’ हा शब्द मात्र जपून वापरावा; संस्कृत नाटकांत कंचुकी म्हणजे अंतःपुराची व्यवस्था पाहणारा वृद्ध सेवक! पहिल्या वर्षी संस्कृत शिकताना याच शब्दावर वर्गात हशा पिकत असे.)

महाराष्ट्रातील गाठीची चोळी या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. ती पुढून उघडी असते आणि तिची दोन टोके स्तनांच्या खाली गाठ मारून बांधली जातात. म्हणजे आधार खांद्यावरून लोंबत नाही, तो खालून मिळतो. गाठ असल्यामुळे ताण रोज हवा तसा कमी-अधिक करता येतो. मासिक पाळीपूर्वीचा शोथ, गर्भिणी अवस्थेतील वृद्धी, सूतिकावस्थेतील स्तन्यपूर्णता या सर्वांना तेच वस्त्र पुरते, आणि बालकास अंगावर घेणेही सोपे जाते. आजच्या कारखान्यांतून हूकच्या तीन ओळी लावून जे साधले जाते, ते आमच्या पणज्यांनी एका गाठीने साधले होते.

या चोळीचे कापड म्हणजे खण. आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे त्याचे प्रसिद्ध केंद्र. हाच खण आपण नारळासह सुवासिनीच्या ओटीत घालतो, देवीला अर्पण करतो. जरा विचार करावा : स्तनांना आधार देणाऱ्या वस्त्राचे कापड आपल्याकडे मंगल मानले गेले, देवघरात ठेवले गेले. पुढे बटणांचे पोलके आले, हूकचे ब्लाउज आले, आणि आधार देण्याचे काम चोळीकडून आतल्या ‘बॉडी’कडे गेले. एका वस्त्राची दोन वस्त्रे झाली. बाहेरच्याला मान मिळाला. आतले मात्र ओल्या टॉवेलखाली लपवून वाळत घालण्याची वस्तू ठरले. लाज वस्त्राच्या या विभागणीबरोबर वाढली असावी, असा आमचा तर्क आहे.

पाश्चात्त्य देशांतील कथा वेगळी आहे. सिसिलीतील एका रोमन प्रासादाच्या चौथ्या शतकातील फरशीचित्रात उरोबंध बांधून व्यायाम करणाऱ्या युवती दिसतात. ऑस्ट्रियातील लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली सापडलेली तागाच्या कापडाची काही वस्त्रे तपासाअंती पंधराव्या शतकातील निघाली. त्यांतील काहींना चक्क दोन वाट्या शिवलेल्या होत्या. मात्र मधल्या शतकांत तेथे कमरेला आवळणाऱ्या कॉर्सेटचे राज्य राहिले. १८८९ मध्ये फ्रान्समधील हर्मिनी कादोल यांनी त्याचे वर-खाली दोन भाग केले. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन रेशमी हातरुमाल व फीत जोडून सुटसुटीत काचोळी तयार केली आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजी तिला तिचे एकस्व मिळाले. पुढे ते तिने अवघ्या १,५०० डॉलरला विकले. वाट्यांच्या मापासाठी इंग्रजी अक्षरे योजण्याची पद्धत १९३२ साली कॅम्प नावाच्या कंपनीने सुरू केली, आणि दुकानदार आजही त्याच अक्षरांत बोलतात.

बांधावे किती घट्ट, या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच ग्रंथांत मिळते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात बंधाचे गाढ, सम आणि शिथिल असे तीन प्रकार सांगून प्रत्येकाचे स्थान निश्चित केले आहे. उर, पृष्ठ, पार्श्व आणि उदर ही सम बंधाची स्थाने होत. स्तनांच्या मधल्या भागासाठी स्वस्तिक बंध सांगितला आहे. विषय व्रणबंधनाचा आहे हे आम्ही जाणतो. तरीही तत्त्व वस्त्राला लावण्यास प्रत्यवाय नाही. काचोळीचा पट्टा आणि परकराची नाडी दोन्ही सम असावीत. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, रात्री वस्त्र उतरविल्यावर त्वचेवर उमटलेली रेषा थोड्या वेळात नाहीशी व्हावी. पैत्तिक व्रणाचा बंध शरद व ग्रीष्म ऋतूंत दिवसातून दोनदा बदलावा, हेही तेथेच आहे. वैशाखात शेतावरून घामाने भिजून आलेल्या स्त्रीने आतले कपडे संध्याकाळी बदलावेत, हे सांगण्यास याहून वेगळा आधार कशाला हवा?

नाडीचा विषय गंभीर आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली लिहिलेल्या निबंधात धोतराच्या काचण्यामुळे कमरेच्या त्वचेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे साडी व परकरामुळे होणाऱ्या तशाच व्याधीची वृत्ते प्रसिद्ध होत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. पहिली सत्तर वर्षांची, परकराची नाडी घट्ट बांधणारी. दुसरी परकराविना लुगडे कमरेला आवळून नेसणारी, चाळीस वर्षे. तिच्या जांघेतील ग्रंथीपर्यंत रोग पोहोचला होता. दोघींच्याही उजव्या कुशीवर न भरणारा व्रण होता.

क्रम असा असतो : एकाच रेषेवर घर्षण, घाम आणि धूळ; तेथे त्वचा काळवंडते किंवा पांढरी पडते, जाड होते, खवले सुटतात, भेग पडते, आणि अनेक वर्षांनी क्वचित एखाद्या जुनाट व्रणात विकृत वाढ सुरू होते. दुर्मिळ आहे, म्हणून भय दाखवू नये. परंतु कमरेवरील, नाडीच्या रेषेतील जो व्रण सहा आठवडे योग्य उपचारांनी भरत नाही, ज्याच्या कडा उंच व कठीण आहेत, त्यावर जात्यादि तैलाची पट्टी बांधत राहू नये. ऊतिपरीक्षेसाठी त्वरित पाठवावे. प्रतिबंध अगदी साधा आहे : गोल नाडीऐवजी रुंद पट्टी, बांधण्याची जागा अधूनमधून वर-खाली करणे, घरी आल्यावर गाठ सैल करणे.

स्तनाधोभागी होणारा कण्डू आणि स्राव हा त्यामानाने रोजचा विषय. स्थूल स्त्री, मधुमेह, कृत्रिम धाग्याचे वस्त्र, क्लेद. संप्राप्ती आपल्या परिचयाची आहे. येथे तैलाभ्यंगाने क्लेद वाढतो. त्रिफळा-खदिर काढ्याने प्रक्षालन करून भाग पूर्ण कोरडा करावा, सुती वस्त्र द्यावे, रक्तशर्करा तपासावी. आणि दोरीवर कपडे कसे वाळतात, ते अवश्य विचारावे. टॉवेलखाली दमट राहिलेले वस्त्र श्रावण-भाद्रपदात दोन दिवसांनीही ओलसरच असते. त्यात दद्रूचे बीज टिकून राहते. उन्हात उघडे वाळविणे शक्य नसेल तर आतील बाजूने गरम इस्त्री फिरवावी. घरातील इतरांचेही दद्रू एकाच वेळी पाहावे, नाही तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

खांदेदुखी व मन्याशूल घेऊन येणाऱ्या, स्तनभार अधिक असलेल्या स्त्रियांच्या खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ आहेत का, हे पाहावे. वळ असतील तर बहुधा छातीभोवतीचा पट्टा सैल आहे आणि सारा भार खांदे वाहत आहेत. योग्य मापाचे वस्त्र आधी, स्नेहन-स्वेदन नंतर. स्तनपान करणाऱ्या मातेला घट्ट काचोळीमुळे स्तन्यसंग होऊन शोथ होऊ शकतो. तिला सैल, पुढून उघडणारे वस्त्र सुचवावे.

काचोळीमुळे स्तनाचा कर्करोग होतो, ही आवई १९९५ सालच्या एका अमेरिकन पुस्तकामुळे पसरली आणि आजही आपल्या काही व्याख्यानांतून ऐकू येते. २०१४ साली सिएटल येथील संशोधकांनी कर्करोग झालेल्या हजाराहून अधिक स्त्रिया व निरोगी स्त्रिया यांची तुलना केली; वस्त्र दिवसात किती तास वापरले, तार होती की नव्हती, कोणत्या वयात सुरू केले, यांपैकी कशाचाही संबंध आढळला नाही. तेव्हा हे भय रुग्णेला देऊ नये. वापरावे की न वापरावे, रात्री काढावे की ठेवावे, हे तिच्या सोयीवर सोडावे. भय खऱ्या ठिकाणी असावे : एकाच स्तनाच्या चुचुकावर दिसणारा, खवले सुटणारा, लेपाने न जाणारा विकार काचोळीच्या घर्षणाचा समजून सोडू नये. १८७४ मध्ये जेम्स पॅजेट यांनी वर्णिलेला कर्करोग नेमका असाच दिसतो.

स्तनपरीक्षणाच्या वेळी स्त्री साहाय्यक खोलीत असावी, पडदा असावा, परीक्षणाचे कारण आधी सांगावे. हे सर्वांना ठाऊक आहे. पाळले किती जाते, हा भाग निराळा.

औषधी दुकानदार बंधूंना दोन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून येणाऱ्या स्त्रीच्या हाती स्टेरॉइडमिश्रित मलम ठेवू नये. चौदा बाह्योपयोगी स्टेरॉइड औषधे २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या अनुसूचीत घातली गेली आहेत. शिवाय त्या मलमाने दद्रू चार दिवस दबतो आणि दुप्पट पसरून परत येतो, त्वचा मात्र पातळ होऊन बसते. दुसरी गोष्ट आपल्याच क्षेत्रातली, म्हणून अधिक खेदाची. स्तनांची वृद्धी वा सुडौलता यांचे आश्वासन देणारी तैले आयुर्वेदाच्या नावाने काचेच्या कपाटात मांडलेली दिसतात. १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत स्त्रीच्या स्तनांचा आकार व रचना हा विषय नाव घेऊन समाविष्ट आहे. तशा जाहिरातीचा फलक दुकानात लावणेही त्या कायद्याच्या कक्षेत येते. जी स्त्री स्वतःसाठी धड काचोळी घेत नाही, तीच लाजेपोटी हे तैल गुपचूप घेऊन जाते, आणि आपण ते कागदात गुंडाळून देतो. फलक आजच उतरवावेत. त्या जागी शिंप्याची एक मापनफीत टांगावी आणि समुपदेशनाला एखादी शिकलेली भगिनी बसवावी. स्तनांखालील घेराचे माप इंचांत कसे घ्यावे हे सांगायला तिला पाच मिनिटे पुरतात.