वाकळ : जुन्या लुगड्याचे नवे आयुष्य



सुगी आटोपली, शेतातल्या कामाची घाई थोडी कमी झाली की आपल्या भागातील बायका सुई-दोरा हाती घेतात. निपाणी-चिकोडीकडे आपण जिला वाकळ म्हणतो तिलाच आपले कन्नड बोलणारे शेजारी कौदी म्हणतात आणि पुण्याकडचे लोक गोधडी. नाव काहीही असो, वस्तू एकच : जुन्या कपड्यांचे थर आणि त्यांवरून घातलेला साधा धावदोरा.

आज बाजारात मऊ, केसाळ, रंगीत ब्लँकेट स्वस्तात मिळतात. त्यामुळे वाकळ माळ्यावर तरी जाते, नाहीतर गोठ्यात. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. वाकळेला लागणारी सुती लुगडी आता म्हाताऱ्या बायकांच्या ट्रंकेतच उरली आहेत, आणि वाकळ घालणारे हातही त्यांचेच आहेत. दोन्ही एकदमच संपत चालली आहेत. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

आपल्यापासून फार दूर नाही, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. १९७६ साली कारवारचा धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत तो भाग आपल्याच बेळगाव धर्मप्रांतात होता. आफ्रिकेतून आणलेल्या, पुष्कळसे गोव्यामार्गे येऊन जंगलात वस्ती केलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या बायका घालतात ती वाकळ म्हणजे कवंद. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फिरत आत जाते आणि मधोमध संपते. चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंद उघडीबोडकी दिसते, असे त्या मानतात. ख्रिस्ती बायका मध्ये क्रूस लावतात, मुसलमान बायका चंद्रकोर. हेन्री ड्रूवल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी या कामाचा अभ्यास केला, आणि २०११ साली न्यूयॉर्कमध्ये या कवंदांचे प्रदर्शन भरले. घरच्या जुनेराचे केवढे मोल असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. आपल्या जाणत्या बहिणींना यातले बरेच ठाऊक आहे. हे नवशिक्यांसाठी आहे.

कापडाची निवड. कापडाचा एक धागा ओढून तो काडीने जाळून पाहा. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. असे कापड घाम शोषत नाही, शिवताना निसटते, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. ते वाकळेत घालू नये. तंबाखू बांधलेली वा झाकलेली फडकीही घालू नयेत.

माप. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास धरला, तर चारही एकावर एक ठेवून एका माणसाच्या वाकळेचे चार थर मिळतात. दोन-दोन तुकडे शेजारी जोडले, तर दोघांच्या वाकळेचे दोन थर होतात. जुने लुगडे उन्हाकडे धरून पाहा. जिथे उजेड आरपार येतो तो विरलेला भाग काढून टाका. काठ मात्र फेकू नका. तो बळकट असतो, वाकळेच्या कडेला लावावा.

मांडणी. सगळे कापड आधी धुऊन, कडक वाळवून घ्यावे. नवे कापड मिसळायचे असल्यास ते धुतल्याशिवाय घेऊ नये. ते नंतर आटते आणि वाकळेला चुण्या पडतात. सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर थर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवा. आधी लांब-लांब कच्चे टाके घाला, मग पक्की शिवण.

शिवण. दोरा सुती आणि जाड घ्यावा, हातभराहून फार लांब नको, नाहीतर गुंता होतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढला की तो पिंजत नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. गाठ थरांच्या आत दडवावी. मधल्या बोटाला धातूची टोपी घातली तर सुई टोचत नाही.

आता आरोग्याविषयी थोडे. तंबाखूच्या ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात जाते. म्हणून शेतातून किंवा वखारीतून आल्यावर हात साबणाने धुऊन मगच सुई धरावी, आणि बाळाला घ्यावे. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येत नसेल तर ती वयाची खूण आहे. डोळे तपासून चष्मा घ्यावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. काम दिवसाउजेडी, पाठीला आधार देऊन करावे आणि अधूनमधून लांबच्या झाडाकडे पाहावे. तान्ह्या बाळाच्या तोंडावर वाकळ कधीही ओढू नये, निजलेल्या बाळाजवळ जड पांघरूण ठेवू नये. घरात कुणाला खरूज झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, आणि त्याच दिवशी वाकळा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात.

सुताबरोबर लोकरीचेही दोन शब्द. आपल्या भागातील धनगर आणि कुरुबर दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे सूत बळकट होते. घोंगडे गरम पाण्यात घालू नये, ते आटते. थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. हल्ली या लोकरीला गिऱ्हाईक कमी झाल्याने पुष्कळ ठिकाणी ती टाकून देतात. मेंढपाळाकडे अशी लोकर पडून असेल तर शेतकरी बंधूंनी ती मागून घ्यावी. झाडाच्या आळ्यात मातीखाली पुरली तर ती ओल धरते आणि सावकाश कुजून नत्र देते.

शेवटी हिशोबाची गोष्ट. वाकळ विकायला काढली की गिऱ्हाईक म्हणते, “जुन्या चिंध्याच तर आहेत!” आणि आपली बहीण मिळेल ते घेते. असे करू नका. रोज चार तास, असे पंधरा दिवस लागले तर साठ तास झाले. आठ तासांचा एक रोज धरला तर साडेसात रोज. दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेलेल्या बाईला तेवढ्या दिवसांची मजुरी द्यावीच लागते. तीच मजुरी येथे धरा, वर दोरा आणि कापड मांडा. वहीत रोजचे तास लिहिले तर भाव सांगताना मान खाली घालावी लागत नाही.

मात्र सगळेच विकायचे नसते. यापो गावची टबीथा विधवांना कपडे शिवून देत असे. ती गेल्यावर त्या बायकांनी पेत्राला तेच कपडे रडत रडत दाखवले, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. आपल्याही गावात एकटी निजणारी म्हातारी माणसे आहेत. वर्षातून एक वाकळ त्यांच्यासाठी घालावी.

या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिच्या शेजारी बसून एक तरी वाकळ पुरी करावी. मुलींनी शिकावे, आणि मुलग्यांनीही सुई धरायला हरकत नाही.