दगड जागेवरच, तरी खालची वाळू गायब! समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायाशी काय घडतं?

समुद्रकिनाऱ्यावर परतणाऱ्या लाटेत उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते आणि टाचा खाली रुततात, हे तुम्ही अनुभवलंच असेल. आता पायाच्या जागी ४ मीटर जाडीचा लोखंडी खांब आणि त्यावर अख्खी पवनचक्की आहे असं समजा. तिथली वाळू सरकली तर? म्हणूनच इंजिनिअर अशा खांबांभोवती समुद्राच्या तळावर दगडांचा थर टाकतात. पण लाटा हे दगड वाहून न नेताही खालची वाळू पळवू शकतात! कसं, ते जाणून घेऊया.

खांबाभोवती खड्डा का पडतो?

वाहतं पाणी खांबावर आपटलं की त्यातलं काही पाणी खाली तळाकडे वळतं. तिथे भोवरा तयार होतो आणि तो घोड्याच्या नालेसारखा खांबाला वेढा घालतो. म्हणून त्याला 'हॉर्सशू व्होर्टेक्स' म्हणतात. हा भोवरा वाळू उकरत राहतो आणि खड्डा पडतो. या प्रकाराला 'स्कावर' असं नाव आहे.

प्रवाह सतत एकाच दिशेने असेल, तर खड्डा साधारण खांबाच्या जाडीच्या १.३ पट खोल जातो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ४ मीटरच्या खांबापाशी ५ मीटरहून खोल खड्डा!

डेन्मार्कमध्ये काय झालं?

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, उत्तर समुद्रात २००२ साली 'हॉर्न्स रेव १' हा प्रकल्प उभा राहिला. ८० पवनचक्क्या, प्रत्येकी २ मेगावॅटची. प्रत्येक खांबाभोवती दगडांचे दोन थर टाकले होते: खाली लहान दगड, वर मोठे.

२००५ च्या पाहणीत मात्र वेगळंच दिसलं. खांबाला लागून असलेले दगड काही ठिकाणी १.५ मीटरपर्यंत खाली गेले होते. कोणालाच हे अपेक्षित नव्हतं. शेवटी आणखी दगड टाकून ते खड्डे भरावे लागले.

दगड वाहून गेले असते तर कारण शोधायची गरजच नव्हती. पण दगड तिथेच होते, फक्त खाली बसले होते. मग डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पाण्याच्या लांब टाकीत छोटे खांब, दगड आणि वाळू ठेवून प्रयोग झाले.

वाळू बाहेर पडते कशी?

१. दगडांच्या थरात फटी असतात. खांबाजवळचा भोवरा वरच्यावर न थांबता या फटींतून खाली घुसतो.

२. तो वाळूपर्यंत पोचला की कण उचलले जातात. लाटांमुळे पाणी दर काही सेकंदांनी दिशा बदलतं, त्यामुळे कण सतत ढवळले जातात.

३. उचललेली वाळू फटींतूनच वर येते आणि प्रवाहाबरोबर निघून जाते.

४. खाली जागा रिकामी झाली की वरचे दगड त्यात बसतात.

थोडक्यात, स्क्रीनगार्डवर एक ओरखडा नाही, पण आत फोन बिघडतोय, तसला हा प्रकार!

मग बारीक फटीच का नाही ठेवत?

यासाठी जुना नियम आहे: वरच्या थरातले बारीक कण खालच्या थरातल्या जाड कणांच्या ४ ते ५ पटींपेक्षा मोठे नसावेत. म्हणजे वाळू फटींतून निसटत नाही. पण वाळूचा कण मिलिमीटरहून लहान आणि वरचा दगड हातभर. मध्ये किती थर लागतील, विचार करा! खवळलेल्या समुद्रात जहाजावरून इतके थर नीट पसरणं अवघड आणि महाग.

म्हणून बऱ्याचदा फटी मोठ्याच ठेवतात, पण थर इतका जाड करतात की खाली पोचेपर्यंत पाण्याचा जोर मरतो. हा हिशेब खांबाला लागूनच सगळ्यात कच्चा पडतो, कारण भोवऱ्याचा जोर तिथेच जास्त असतो.

इतकी काळजी कशासाठी?

वाळू गेली की खांबाचा जमिनीत रुतलेला भाग कमी होतो. मग तो जास्त डुलतो आणि लोखंडावरचा ताण वाढतो. शिवाय खांबातून निघणारी वीजकेबल खालचा आधार सुटून लोंबकळू शकते.

नुसता कॅमेरा खाली सोडला तर दगड दिसतात, आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून जहाजावरच्या सोनारने तळाचा नकाशा काढतात आणि जुन्या नकाशाशी जुळवून बघतात. दगड आहेत का, यापेक्षा ते आधीच्याच उंचीवर आहेत का, हे बघणं महत्त्वाचं.

आपल्याकडेही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या पवनऊर्जेसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये योजना मंजूर केली आहे. पाती कितीही मोठी लावली, तरी ती किती वर्षं टिकून फिरणार, हे पायाशी वाळू राहते की नाही यावरही ठरणार आहे.